गुणाकाराला तीन लागतात

"हे काय आहे?" रायरीकरांनी विचारलं आणि कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला.

पानापानावर लाल पेनाने गोल काढलेले होते. माझ्या प्रोग्रामने प्रोसेसरला जिथे जिथे 'या ओळीत काही करू नकोस' असं सांगितलं होतं, तिथे तिथे एक गोल. काही पानं तर गोवर उठल्यासारखी दिसत होती.

"थांबणं आहे, सर," मी म्हणाले.

"थांबणं?" त्यांनी आवाज चढवला, म्हणजे अख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतका. "आपल्या चिपमध्ये चार युनिटं आहेत, मॅडम. एका ओळीत चार कामं बसायला पाहिजेत. इथे बघा, दोनच. इथे एक. आणि इथे? इथे तर चौघेही झोपलेत! झोपायला ठेवलंय का त्यांना?"

"गुणाकाराचं उत्तर यायचंय, सर. ते आल्याशिवाय पुढची बेरीज कशाची करणार?"

"तिकडे असताना," रायरीकर म्हणाले, "आम्ही एकही जागा रिकामी सोडत नव्हतो."

तिकडे म्हणजे अमेरिकेत. तिकडून परत येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण मनाने अजून ते विमानतळावरच उभे होते. डॉक्टर हेमचंद्र रायरीकर मुंबईच्या एका कंपनीच्या आमच्या पुण्यातल्या केंद्राचे प्रमुख. प्रभात रस्त्यावरच्या एका बंगल्यात आमचं ऑफिस होतं आणि श्रवणयंत्रात, म्हणजे कानामागे लावायच्या यंत्रात, बसेल असा एक छोटा प्रोसेसर आम्ही तिथे बनवत होतो. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची आहे. तेव्हा असलं काम पुण्यात कोणी करत नव्हतं, त्यामुळे रायरीकर जे म्हणतील ते ज्ञान ठरायचं. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला असा एकही दिवस मला आठवत नाही. सूट उत्तम असायचा, एवढं म्हणते.

माझं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लग्नघरातला आचारी डोळ्यांसमोर आणा. चार शेगड्या पेटलेल्या आहेत. कुठल्या शेगडीवर कधी काय चढवायचं हे ठरवणारा माणूस हुशार असेल तर जेवण वेळेवर होतं. पण तो कितीही हुशार असला तरी डाळ शिजल्याशिवाय फोडणी देता येत नाही. दुसरं काही चढवायला असेल तर तो चढवेल. नसेल तर ती शेगडी तेवढा वेळ रिकामी राहील. माझा प्रोग्राम हा तो आचारी. आवाजाचा हिशेब असा असतो की पुढचं उत्तर मागच्या उत्तरावर टेकलेलं असतं, त्यामुळे चढवायला दुसरं काही पुष्कळदा नसायचंच. जिथे होतं तिथे मी एक फट सोडली नव्हती. उरलेलं थांबणं हे खरंखुरं थांबणं होतं.

रायरीकरांना मात्र रिकामी जागा दिसली की अंगावर काटा यायचा. चारांपैकी किती जागा भरल्या त्याचा एक टक्का निघायचा. माझा टक्का एकाहत्तर होता. रायरीकर रोज सकाळी 'गुड मॉर्निंग'ऐवजी 'टक्का किती?' असं विचारायचे.

आणि हे फक्त चिपपुरतं नव्हतं. जिन्याजवळ त्यांनी एक फळा लावला होता. त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक चकती, एका बाजूने हिरवी, दुसऱ्या बाजूने लाल. रायरीकर फेरी मारत आणि ज्याचे हात कीबोर्डवर नसतील त्याची चकती उलटी करत. लोकही तयार झाले होते. त्यांच्या बुटांचा आवाज आला की सगळा हॉल टाइप करू लागायचा. काय टाइप करताय असं कोणी विचारत नव्हतं. एम.टेक. झालेली, चाळिशीला टेकलेली माणसं चक्क स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा टाइप करत बसायची. त्यांचीही मला कीव यायची नाही, चीडच यायची.

एकाची चकती मात्र कायम लाल असायची. फिरोज शिकलगार. मूळ चिप त्याने आखली होती. तो मिरजेचा, मी इचलकरंजीची, त्यामुळे एकमेकांशी बोलताना आमची भाषा आपोआप पुण्याची वेस ओलांडायची. त्याचं टेबल खिडकीशी होतं आणि बाहेर बदामाचं झाड होतं. फिरोजभाई तासन् तास त्या झाडाकडे बघत बसायचा. मग मध्येच उठून एक छोटीशी रेघ मारायचा आणि पुन्हा बसायचा. त्या एका रेघेने चिपचा एखादा कोपरा नाहीसा व्हायचा. कानामागच्या यंत्रात शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी असते. तिच्यावर दिवस काढायचे तर चिपमध्ये एकही जादा गोष्ट परवडत नाही.

त्याने काढून टाकलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहारेकरी. बाकीच्या प्रोसेसरांत एक राखणदार असतो. उत्तर तयार नसताना कोणी मागायला आलं तर तो सगळ्यांना 'थांबा' म्हणतो. फिरोजभाईने त्याला घरी पाठवलं होतं. आमच्या चिपला उत्तर वेळेआधी मागितलं तर ती थांबत नसे, तक्रार करत नसे. तिथे जे जुनं उत्तर पडलेलं असेल ते मुकाट्याने हातात ठेवायची. म्हणजे कधी थांबायचं ते सगळं माझ्या प्रोग्रामने आधीच ठरवायचं. माझ्या भरवशावर त्याने ती चिप एवढीशी केली होती.

एकदा मी त्याला म्हटलं होतं, "फिरोजभाई, गुणाकार दोन ओळींत करून द्या की. माझा टक्का वाढंल."

"करीन की," तो म्हणाला होता. "बॅटरी अर्ध्या दिवसात बसंल. चालंल?"

"नको."

"मग तीन लागतात. त्येला काय करणार!"

त्या गठ्ठ्याच्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांनी ताराबाई केळुसकर यायच्या होत्या. सावंतवाडीला त्यांचा श्रवणयंत्रांचा छोटा कारखाना होता आणि त्यांनी आमची चिप घेतली तरच आमचं केंद्र पुढे चालणार होतं. त्या दिवशी सकाळी माझी दाढ काढायची होती, म्हणून मी उशिरा गेले. गेले तर मीटिंगच्या खोलीत रायरीकर पडद्यासमोर उभे होते आणि पडद्यावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'अठ्ठ्याण्णव टक्के'.

माझ्या अर्ध्या बधिर तोंडातून कसंबसं निघालं, "सर, हे कुठून आलं?"

"आलं," ते म्हणाले आणि डोळे मिचकावले. "सकाळी मी स्वतः थोडा हात फिरवला. तुम्ही लोक उगाच बाऊ करता. पाच मिनिटांचं काम होतं."

"काय केलंत नक्की?"

"ते नंतर. पाहुण्या आल्यात."

ताराबाई साठीच्या आतबाहेर असतील. सुती साडी, कपाळावर मोठं कुंकू, आणि खणखणीत आवाज, कारण लहानपणी तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते आणि आपण किती मोठ्याने बोलतो हे त्यांना कळत नसे. यंत्रं विकणारी ही बाई स्वतः यंत्राशिवाय ठार बहिरी होती. रायरीकरांनी त्यांना अर्धा तास आलेख दाखवले. रंगीत बाण, चार युनिटं, चौघांच्याही डोक्यावर हसरे चेहरे. 'इथे कोणीही क्षणभर रिकामा नाही,' असं ते तीन वेळा म्हणाले. खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. फिरोजभाईची मान तेवढी हलली नाही. तो अठ्ठ्याण्णवच्या आकड्याकडे बदामाच्या झाडाकडे बघावं तसा बघत होता.

"भाषण फुरे झाला," ताराबाई म्हणाल्या. "यंत्र द्या इकडे."

त्यांनी आपलं जुनं यंत्र काढून आमचं कानामागे लावलं. आम्ही सगळे सभेत बोलतात तसे हळू, मऊ बोललो. ताराबाईंचा चेहरा उजळला.

"छान येतंय," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ."

रायरीकर छाती फुगवून उभे राहिले. तेवढ्यात चहा आला. कोणीतरी कप बशीवर ठेवला आणि ताराबाईंनी कान झटकला.

"हे काय खट् झालं?"

"काही नाही. कप," रायरीकर म्हणाले.

"कपाचा आवाज मला कळतो हो. त्याच्या मागून खट् झालं. आतमध्ये." त्यांनी स्वतःच चमचा उचलून बशीवर वाजवला आणि पुन्हा डोळे बारीक केले. टाळी वाजवली. पुन्हा तेच. "जरा जोराचा आवाज झाला की खट्. दिवसभर हे कोण सोसणार?" त्यांनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

आता या ठिकाणी सभ्य माणूस काय म्हणेल? 'बघतो' म्हणेल. रायरीकर हसले आणि आमच्याकडे वळून, ताराबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "शेवटी कानच तसले. यांना काय ऐकू येतंय आणि काय भास होतोय, कोण सांगणार?"

दोघं-तिघं हसले. त्यांची नावं मला अजून आठवतात, पण ती इथे लिहून त्यांना मोठं करायची माझी इच्छा नाही.

बहिऱ्या माणसाला ओठांवरून किती कळतं हे त्या शहाण्याला ठाऊक नव्हतं. खिडकीच्या काचेत रायरीकरांचं तोंड स्वच्छ दिसत होतं आणि ताराबाई काचेकडेच बघत होत्या.

"माझे कान खराब आहेत, डॉक्टर," त्या शांतपणे म्हणाल्या. "डोकं ठीक आहे. उद्या सकाळी पुन्हा येते. दोष कुठे आहे तेवढं मला सांगा. चिपमध्ये असेल तर मला ती नको."

त्या गेल्यावर रायरीकरांनी लगेच सिम्युलेटर चालवायला लावला. सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी चिपची नक्कल. खरी चिप जशी वागेल तशी ती वागते, निदान तशी अपेक्षा असते. नक्कल सुरू झाली, टाळीचा आवाज दिला आणि उत्तर निर्मळ आलं. खट् नाही, काही नाही.

"झालं!" रायरीकर म्हणाले. "प्रोग्राम तोच, सिम्युलेटरवर बरोबर, चिपवर चूक. याचा अर्थ लहान मुलालाही कळेल. चिप सदोष आहे."

"गुणाकाराला तीन लागतात," फिरोजभाई म्हणाला. एवढंच म्हणाला.

"शिकलगार, तुम्ही दिवसभर झाड बघत बसता. हे असं होणारच होतं. उद्या बाईंसमोर तुम्ही स्वतः सांगायचं की चिपमध्ये दोष राहिला. आपण बाहेरची चिप घेऊन त्यावर आपलं सॉफ्टवेअर देऊ. ही भंगारात जाऊ दे. तुमचं काय करायचं ते मग बघू."

जिन्याजवळच्या फळ्यावरून त्यांनी फिरोजभाईची चकती काढूनच टाकली. ती त्यांनी सगळ्यांच्या देखत खिशात घातली.

मी फिरोजभाईकडे गेले तेव्हा तो झाडाकडे बघत नव्हता. स्वतःच्या हातांकडे बघत होता.

"वैजयंती," तो म्हणाला, "खरंच माझं चुकलं असंल का गं? चार वर्षं झाली. एखाद्या ठिकाणी तार लांबली असंल, उत्तर उशिरा पोचत असंल..."

"काय बोलताय हे?"

"उद्या सांगतो बाईंना. सिम्युलेटर काय खोटं बोलणार हाय व्हय!"

मला राग आला तो या वाक्याचा. नोकरी जाणं, चिप भंगारात जाणं, हे समजण्यासारखं होतं. पण ज्या माणसाने एकही रेघ उगाच मारली नव्हती त्याला स्वतःच्या रेघांची शंका यायला लागली होती, आणि तीही कुणामुळे, तर गुणाकार आणि वाढदिवस यांतला फरक ज्याला कळत नाही अशा माणसामुळे. मी ताडताड माझ्या जागेवर गेले आणि माझ्या प्रोग्रामने सकाळी बनवलेल्या, अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या ओळी उघडल्या.

शोधावं लागलंच नाही. माझं आयुष्य त्या ओळी वाचण्यात गेलं होतं. एका ओळीत गुणाकार सुरू होत होता आणि पुढच्या दुसऱ्याच ओळीत बेरीज त्याचं उत्तर मागत होती. डाळ कच्ची आणि फोडणी वर. एकच ठिकाण नाही, सगळीकडे. मग माझ्या प्रोग्रामने असं केलं कसं? माझ्या प्रोग्रामला कुठल्या कामाला किती ओळी लागतात हे एका तक्त्यातून कळायचं. मी तक्ता उघडला. गुणाकारासमोर तीन होता तिथे दोन लिहिलं होतं.

पाच मिनिटांचं काम, हे मात्र खरं होतं.

आणि सिम्युलेटर? तोही हाच तक्ता वाचायचा. ही रायरीकरांचीच करामत. 'सत्य एकाच ठिकाणी ठेवायचं,' असं ते भाषणात सांगायचे आणि सगळे लिहून घ्यायचे. आता सत्य एकाच ठिकाणी होतं आणि एकाच ठिकाणी त्याचा मुडदा पडला होता. आचाऱ्यालाही सांगितलं होतं की डाळ लवकर शिजते, आणि चव बघणाऱ्यालाही तेच सांगितलं होतं. खरं काय ते फक्त चिपला ठाऊक होतं आणि ती बिचारी तक्ता वाचत नव्हती. मऊ बोलण्यात मागचं उत्तर आणि नवं उत्तर जवळजवळ सारखंच असतं, म्हणून चुकून जुनं हातात आलं तरी कळत नव्हतं. कप वाजला, आवाज एकदम बदलला, की जुनं उत्तर उघडं पडायचं. खट्.

मी रायरीकरांच्या केबिनमध्ये शिरले. ते टाय सैल करून संत्रं सोलत होते.

"सर, तक्त्यातल्या तिनाचं दोन तुम्ही केलंत?"

"हो." लपवाछपवी नाही, लाज नाही. "तिकडे आम्ही दोनात करायचो."

"ती चिप वेगळी, सर. आपली चिप तीन घेते."

"तेच म्हणतोय मी. तक्त्यात दोन लिहिलंय ना? मग चिपने तक्ता पाळायला नको?"

मला वाटलं होतं हा माणूस लबाड आहे. लबाडीला निदान अक्कल लागते. या गृहस्थाला खरोखरच वाटत होतं की कागदावर आकडा बदलला की सिलिकॉन घाबरून पळायला लागतं, त्यांच्या बुटांचा आवाज आल्यावर आमचा हॉल टाइप करायला लागतो तसं.

"सर, मी तीन परत करते. खट् जाईल."

"आणि टक्का?"

"एकाहत्तर."

"अठ्ठ्याण्णव दाखवल्यावर एकाहत्तर?" त्यांनी संत्र्याची फोड तोंडात टाकली. "माझं तोंड काळं करायचंय का तुम्हाला? चौगुले मॅडम, नीट ऐका. यात तुमचं सॉफ्टवेअर सुटतंय. दोष चिपवर जातोय. तुम्हाला काय त्रास आहे? उद्या गप्प बसायचं."

मी गप्प बसले नाही. यात शौर्य वगैरे नव्हतं. इतक्या सुमार माणसाने माझ्या बाजूने खोटं बोलावं हेच मला अपमानकारक वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताराबाई आल्या. त्याच खोलीत तेच लोक, तशीच तयार माना. रायरीकरांनी हात जोडून प्रास्ताविक केलं आणि म्हणाले, "आमचे शिकलगार तुम्हाला काही सांगणार आहेत."

फिरोजभाई उठला. रात्रभर झोपला नसावा. "बाई," तो म्हणाला, "चिपमध्ये..."

"थांबा, फिरोजभाई," मी म्हणाले.

"चौगुले!" रायरीकर ओरडले.

मी त्यांच्याकडे पाठ केली आणि ताराबाईंसमोर, त्यांना माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले. "बाई, मी तुमच्यासमोर एक आकडा बदलणार आहे. फक्त एक. चिपला हात लावणार नाही. मग तुम्ही कप वाजवा."

मी दोनाचं तीन केलं. ओळी पुन्हा बनवून यंत्रात उतरवायला थोडा वेळ लागला. तेवढ्यात रायरीकर 'हे शिस्तीत बसत नाही' असं काहीतरी पुटपुटत होते. ताराबाईंनी यंत्र कानामागे लावलं. चमचा घेतला. बशीवर वाजवला.

पुन्हा वाजवला. टाळी वाजवली. मग उठल्या आणि खोलीचं दार धाडकन लावलं, इतक्या जोरात की खिडकीची तावदानं थरथरली.

"गेलं," त्या म्हणाल्या. "खट् गेलं."

फिरोजभाई खुर्चीत बसला. त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि बराच वेळ ते तसेच ठेवले.

"पण टक्का बघा!" रायरीकर पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. त्यांना अजूनही वाटत होतं की त्यांच्याकडे हुकमाचा एक्का आहे. "एकाहत्तरवर आला! म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा वेळ ही चिप नुसती बसून राहणार!"

"मला टक्का ऐकू येत नाही, डॉक्टर," ताराबाई म्हणाल्या. "मला कप ऐकू येतो." मग माझ्याकडे वळल्या. "काय गो, तो आकडा कसला होता?"

"चिपला गुणाकार करायला किती वेळ लागतो त्याचा. तो तीन आहे. कोणीतरी दोन लिहिला होता."

"कोणी?"

सगळे जण नेमके टेबलावरच्या बिस्किटांकडे बघू लागले आणि एकटे रायरीकर छताकडे. एवढं ताराबाईंना पुरेसं होतं, त्यांना बोलण्यापेक्षा बघण्याची सवय जास्त.

"आणि काल ज्यांची मान हलली नाही ते हे गृहस्थ? चिप यांनी केली?"

"हो."

"मग चिप मला हवी. पण जोवर हे इथे आहेत आणि जोवर त्या जागी तीन आहे तोवरच. माझे दोन्ही कान त्याच्यावर आहेत." एवढं बोलून त्यांनी आपलं जुनं यंत्र पिशवीत टाकलं आणि आमचं कानामागे तसंच ठेवून त्या निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी ते परत केलंच नाही.

आता तुम्हाला वाटेल, रायरीकरांचं काय झालं? व्हायचं काय? बढती झाली. 'प्रत्यक्ष ग्राहकासमोर दोष शोधून दूर करणारं पथक' म्हणून त्यांचा फोटो कंपनीच्या मासिकात आला आणि ते मुंबईच्या मुख्य कचेरीत गेले. जाताना फळा आणि चकत्या बरोबर घेऊन गेले. फिरोजभाईची चकती काही त्यांनी परत दिली नाही. त्याने ती मागितलीही नाही. पुढे चिप पुरी झाल्यावर तो सावंतवाडीला ताराबाईंच्या कारखान्यात गेला आणि वर्षभराने मीही गेले. तिथे त्याच्या खिडकीबाहेर फणस आहे.

मागच्या वर्षी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या समारंभाला आम्हाला बोलावणं होतं. फिरोजभाई आला नाही. मी गेले तर प्रमुख पाहुणे म्हणून व्यासपीठावर रायरीकर. ऐंशीच्या घरात, सूट तसाच उत्तम. भाषणाचा विषय होता 'क्षणाचाही अपव्यय नको'. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. त्या मुलांबद्दल मला प्रथमच आदर वाटला.

नंतर चहाला त्यांनी मला ओळखलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतलं. "चौगुले ना? प्रभात रोडची? वा! या बाजूने बोला, या कानात आहे." त्यांनी मान वळवली. कानामागे आमचं यंत्र होतं. रंग नवा, बाहेरचं टरफल नवं. आत अजून तीच चिप असते, तिला बदलायची वेळ कधी आलीच नाही.

"कसं वाटतं हे?" मी विचारलं.

"फार सुंदर! दोन परदेशी घेऊन बघितली, चहाचा कप ठेवला तरी डोक्यात घण पडायचा. हे कोकणातल्या कुणीतरी केलंय म्हणे. एवढंसं आहे, पण बघा, आत क्षणभर कोणी स्वस्थ बसत नसेल."

"बसतं, सर," मी म्हणाले. "बराच वेळ बसतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता आठवेल. चेहऱ्यावर काहीतरी हललं खरं, पण ते वेगळंच होतं.

"टक्का किती?" त्यांनी विचारलं.

"एकाहत्तर."

"कमी आहे," रायरीकर मान हलवत म्हणाले. "फारच कमी. सांगा त्यांना, तिकडे आम्ही..."

मी माझा कप बशीत आपटून ठेवला. चांगला जोरात, शेजारचे दोघे दचकून वळले इतक्या जोरात. रायरीकर मात्र दचकले नाहीत की त्यांनी कान झटकला नाही. त्यांना कपाचा आवाज आला, फक्त कपाचा, आणि ते पुढे बोलत राहिले.